बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ग्लीसन ३+४. ऑपरेशन, शेक की थांबायचं? (सोलापूर)

जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. वय ६६, वीज मंडळातून निवृत्त. शुगर आहे, गोळ्यांवर आटोक्यात. लघवीला जोर लावावा लागायचा, रात्री सारखं उठावं लागायचं, म्हणून दोनेक वर्षांपासून टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइडची एकत्र गोळी चालू आहे. आराम होता. यंदा पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ६.२ आला. युरॉलॉजिस्टनी बोटानं तपासलं, उजव्या बाजूला टणक लागतंय म्हणाले. एमआरआयमध्ये 'पाय-रॅड्स ४', म्हणजे पाचपैकी चार, कॅन्सरचा संशय बराच. मग तुकडा तपासायचं ठरलं.

बायोप्सीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण करायच्या आधी मी मराठीत शोधत बसलो होतो आणि धड काही मिळालं नाही. आधी लघवीचं कल्चर केलं, जंतू नाहीत याची खात्री झाल्यावरच तारीख दिली. अँटिबायोटिक, सकाळी एनिमा. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं. सोनोग्राफीचा प्रोब गुदद्वारातून आत जातो तेव्हा दुखण्यापेक्षा लाजच जास्त वाटते. भूल देणारी सुई टोचते, ती कळते. त्यानंतर मागावर धोटा आपटावा तसा खट्ट आवाज येतो आणि एक तुकडा निघतो. पहिल्या खट्टला दचकलो, दुखलं म्हणून नव्हे, आवाजानं. पुढं डॉक्टर प्रत्येक वेळी "आता वाजेल हं, मालक" असं सांगायला लागले. बारा तुकडे नेहमीचे आणि एमआरआयमध्ये दिसलेल्या जागेतून दोन जादा. सगळं पाऊण तासात आटोपलं, संध्याकाळी घरी. दोन-तीन दिवस लघवी गुलाबी होती. वीर्यात रक्त बरेच दिवस दिसतं, हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही.

रिपोर्ट: १४ पैकी ४ तुकड्यांत कॅन्सर, ग्लीसन ३+४=७, ग्रेड ग्रुप २ (पाचपैकी दुसरी पायरी). हाडांच्या स्कॅनमध्ये काही नाही. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या: ऑपरेशन, रेडिएशन म्हणजे शेक, किंवा सध्या काही न करता दर काही महिन्यांनी तपासत राहणं. पुण्यातला मुलगा म्हणतो रोबोटनं काढून टाकू एकदाचं. मेहुण्यानं कुठल्याशा वैद्याचं चूर्ण आणून ठेवलंय. मंडळी म्हणते, ज्यात तुम्हाला झोप लागेल ते करा. मला खरं तर तिसरी वाट बरी वाटतेय. लघवीचा त्रास नाही, दुखत काही नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

माळकरी_मामा

मालक, तुकडा काढायलाच नको होता. आमच्या चुलत्यांना सुई लागली आन् चार महिन्यांत खेळ खलास. कॅन्सरला लोखंड लागलं की तो उठतो, हे म्हातारी माणसं उगाच नाही सांगत.

अक्कलकोटरोड

मामा, राग मानू नका, पण ह्या एका समजुतीनं आमच्या घरात काय केलं ते सांगतो. अण्णांचा पीएसए वाढलेला होता, डॉक्टर तुकडा काढू म्हणाले, आणि भावकीनं हेच सांगून त्यांना घरी आणलं. दोन वर्षं कंबरदुखी म्हणून तेल चोळत बसलो. मग एक दिवस उठताच येईना. पीएसए शंभराच्या वर, मणक्यात आणि खुब्यात पसरलेला. त्यांना सुई कुठं लागली होती? तुमच्या चुलत्यांचाही तुकडा काढायच्या आधीच पसरलेला असणार, सुईनं तो फक्त उघडा पडला. प्रोस्टेटच्या बायोप्सीनं कॅन्सर पसरणं अगदी क्वचित घडतं, हे मला एक सोडून तीन डॉक्टरांनी सांगितलंय.

अण्णांना हॉर्मोन बंद करायचा उपचार दिला. हा कॅन्सर पुरुषी हॉर्मोनवर पोसतो, म्हणून तो थांबवायचा. एक तर दर तीन महिन्यांनी महागडं इंजेक्शन, नाही तर वृषण काढायचं छोटं ऑपरेशन, एकदाच. मी डॉक्टरांसमोर चाचरत विचारलं, तर अण्णाच म्हणाले, "आता काय लोणचं घालायचंय त्यांचं? काढा." तेव्हापासून पीएसए खाली आहे, शेतावर जाऊन गड्यांना शिव्या घालतात. पण बरे झालेत असं कुणी म्हणत नाही, दाबून ठेवलाय इतकंच. आणि हाडात पसरलेल्या कुणाचेही पाय अचानक लुळे पडले किंवा लघवी अडली तर रात्र काढू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा. मणक्यातली नस दबलेली असते.

स्लाइडवाला

जुळेसोलापूर काका, मी आयुष्यभर लॅबमध्ये याच स्लाइड कापल्या, रंगवल्या. रिपोर्ट सही करणारा मी नव्हे, पण त्यातलं थोडं कळतं. दोन गोष्टी.

पहिली, तुमच्या पीएसएची. ड्युटास्टेराइड किंवा त्याच जातीची फिनास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर पीएसए निम्म्याच्या आसपास उतरतो. म्हणजे तुमचा ६.२ हा साधारण १२ धरायचा. हा आकडा १० च्या खाली की वर, यावर जोखमीचा गट बदलतो. नंतर ज्या डॉक्टरांना दाखवाल त्यांना ही गोळी चालू असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. पीएसएच्या कागदावर गोळीचा उल्लेख कधीच नसतो.

दुसरी, ३+४ ची. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत आणली. पेशींची रचना किती बिघडली आहे त्याला नंबर देतात. सगळ्यात जास्त जागा व्यापणारा नंबर आधी, दुसरा नंतर. म्हणजे ३+४ मध्ये जास्त भाग सौम्य, ४+३ मध्ये जास्त भाग आडदांड. बेरीज दोन्हीकडे सातच, पण प्रकरण वेगळं. शिवाय बायोप्सीत सहाच्या खाली आता कुणी नंबर देतच नाही, त्यामुळं ३+३=६ ऐकून 'दहापैकी सहा' असं समजून लोक हाय खातात, तो खरा सर्वात खालचा आकडा असतो.

आता ३ कुठं संपतो आणि ४ कुठं सुरू होतो हे माणसाची नजर ठरवते. चांगल्या चांगल्या पॅथॉलॉजिस्टांत फरक पडतो. म्हणून तुम्हाला थांबायचं असेल तर आधी स्लाइड आणि ब्लॉक दुसऱ्या जागी, शक्यतो रोज हेच बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. लॅबला अर्ज दिला की देतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेले तुमचे तुकडे. आणि एक विनंती, ते घेऊन उन्हात फिरू नका. स्कूटरच्या डिकीत ठेवून दुपारभर सात रस्त्यावर गाडी लावाल तर सोलापूरच्या मे महिन्यात मेण मऊ व्हायला वेळ लागणार नाही.

कडकभाकरी

स्लाइडवाले दादा, लई कामाचं सांगितलंत की ओ.

मी रोबोटवाला. वय तेव्हा ५९, ३+४ च, पुण्यात केलं. पहिलं सांगतो, रोबोट स्वतःहून काय करत नाही बे. डॉक्टर कोपऱ्यात बसून हात चालवतोय, रोबोट त्याचे हात. तेव्हा मशीनची जाहिरात बघू नका, त्या डॉक्टरनं अशी किती केलीत आणि त्याच्या पेशंटांची लघवीची गळती कधी थांबली ते विचारा.

ऑपरेशन सोपं गेलं. त्रास नंतरचा. आठवडाभर नळी आणि पिशवी. नळी काढली तशी गळती सुरू. खोकला गळलं, शिंकला गळलं, खुर्चीवरून उठला गळलं. केगेलचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या, लघवी मध्येच रोखताना जो स्नायू आवळतो तोच आवळायचा. कंबर तलावाला फिरायला जायचो तर खिशात जादा पॅड. हळूहळू कमी होत गेलं, आता फक्त जोरात हसलं तर थेंबभर. पीएसए ०.१ च्या खाली आहे.

आणि ते दुसरं, बायकोजवळ जायचं, जे कुणी लिहीत नाही. नसा वाचवल्या म्हणाले, तरी पहिल्यासारखं नाही. गोळीनं थोडंफार होतंय. मला आधी नीट सांगितलं असतं तरी मी हेच केलं असतं, पण सांगायला पाहिजे होतं. पाच मिनिटांच्या गप्पांत ते वाक्य गिळून टाकतात.

नव्यापेठेतली

कडकभाकरी भाऊ, तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहिते. आमच्या ह्यांचं पोट उघडून ऑपरेशन झालं, रोबोट नव्हता. कॅन्सर निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण गळतीपायी ह्यांनी लग्नकार्यं सोडली. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी घालून पुढं असणारा माणूस, त्या वर्षी म्हणाला कणकण वाटतेय. कणकण कसली, पांढऱ्या धोतराची भीती. पॅड आणायला मीच जायची, मेडिकलवाला वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा, जसा काही मी गुन्हाच करतेय.

पुरुष बोलत नाहीत. माझ्याशीही बोलले नाहीत, मला डॉक्टरांच्या कागदावरून कळलं की गळतीचं त्यांनी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. काका, तुमच्या मंडळींना सोबत घेऊन जा आणि तिला खोलीबाहेर बसवू नका. जे होईल ते दोघांच्या घरात होणार आहे. आणि त्या चुर्णाचं म्हणाल तर मेहुण्यांचा मान राखून कपाटात ठेवा. त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं, आणि तुमची शुगर आहे.

हिंजवडीकर

मुलाच्या बाजूनं दोन शब्द. आम्ही लांब असतो. फोनवर 'कॅन्सर' ऐकला की आधी वाटतं, शरीरात आहे तर काढा. 'सध्या काही करायचं नाही' हे बाबांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, पैसे वाचवतायत. काका, मुलाला डॉक्टरांसमोर बसवा, निदान व्हिडिओ कॉलवर. तुमच्या तोंडून त्याला पटणार नाही.

स्लाइडवाला

हिंजवडीकर, मुलांना दाखवायला एक आकडेवारी आहे. ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाचा अभ्यास झाला. १,६४३ पुरुष, तीन गट: एकाचं नुसतं लक्ष ठेवून निरीक्षण, एकाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन. २०२३ साली १५ वर्षांनंतरचे आकडे आले. प्रोस्टेट कॅन्सरनं गेलेले तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणण्यासारखा फरक नाही. पण निरीक्षणाच्या गटात कॅन्सर दूरवर पसरलेले ९.४ टक्के, बाकी दोन्हींत ५ च्या जवळपास. आणि निरीक्षणवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी पुढं कधी ना कधी उपचार घेतलेच. त्यातले बहुतेक कमी जोखमीचे होते हेही लक्षात घ्या. बोटाला गाठ लागलेल्या, पीएसए १२ धरायच्या माणसानं हे आकडे जसेच्या तसे अंगाला लावून घेऊ नयेत. थांबणं म्हणजे विसरून जाणंही नव्हे, सहा महिन्यांनी पीएसए, एमआरआय, वर्षभरात पुन्हा बायोप्सी.

बार्शीलाईट

माझं नाव आमच्या जुन्या छोट्या रेल्वेवरून घेतलेलं, पण लोकांना वाटतं मी 'लाईट', म्हणजे शेक, घेतली म्हणून. दोन्ही खरं.

मी ७१ वर्षांचा, ऑपरेशनला हृदयाचे डॉक्टर नाही म्हणाले, म्हणून शेक घेतले. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, सोलापूरच्या लोकांना वाटतं कॅन्सर म्हणजे थेट मुंबई. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणीही १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, हे आम्ही बार्शीकर सांगितल्याशिवाय राहत नाही.

शेक घेताना काही कळत नाही. त्रास तयारीचा. रोज मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं पाहिजे, म्हणजे आतडं आणि मूत्राशय किरणांच्या वाटेतून बाजूला राहतं. सांगितलं तितकं पाणी प्यायचं आणि नंबर येईपर्यंत मांडी आवळून बसायचं. मशीन बंद पडलं की सगळ्या रांगेची तोंडं बघण्यासारखी होतात. मधल्या काळात लघवीला जळजळ, सारखं जावं लागणं, शौचाला घाई. नंतर कमी झालं. पुढं कधी शौचातून रक्त येऊ शकतं म्हणून सांगितलंय, अजून आलेलं नाही.

एक मुद्दा मुलांना माहीत असावा: ऑपरेशननंतर गरज पडली तर शेक देता येतात, शेकानंतर ऑपरेशन करायचं तर फार अवघड होतं. तरुण माणसाला बरेचदा आधी ऑपरेशन सुचवतात त्याचं हेही एक कारण.

खर्चाचं: महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. कोणता उपचार बसतो ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथं बसणारा माणूस) उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा, नंतर कागद जुळत नाहीत. मुंबईला जाणार असाल तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला सवलत आहे. दवाखान्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो, स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला पूर्ण माफी आणि सोबत्याला ७५ टक्के. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री बसायचं, सकाळी मुंबई.

अक्कलकोटरोड

बायोप्सीबद्दल राहिलं. रक्त पातळ करायची गोळी, इकोस्प्रिन वगैरे, चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका, ज्यानं चालू केली त्याला विचारा. आणि बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपू नका. गुदद्वारातून सुई जाते, जंतू रक्तात उतरू शकतात. पुण्यात काही ठिकाणी वृषण आणि गुदद्वाराच्या मधल्या कातडीतून तुकडे काढतात, त्यात ही भीती कमी.

जुळेसोलापूर

सगळ्यांचे आभार. मध्ये बरंच काही झालं म्हणून उशिरा लिहितोय.

स्लाइड आणि ब्लॉक लॅबकडून घेतले. खिडकीवरच्या मुलीनं सही घेतली आणि एका छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवून दिले. माझं सगळं प्रकरण त्या पाकिटात, मुठीत मावेल एवढं. मंडळींनी ते पोळीच्या डब्यात बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवलं, स्लाइडवाले, तुमच्यामुळं. मुंबईला वाचून आलं: ४+३, ग्रेड ग्रुप ३. इथल्यांनी चूक केली असं तिथले डॉक्टर म्हणाले नाहीत. सीमारेषेवरचं आहे, दोघांची नजर, एवढंच म्हणाले. पण गोळीमुळं दुप्पट धरलेला पीएसए आणि हा नंबर मिळून मी मधल्या जोखमीच्या गटाच्या वरच्या टोकाला गेलो, आणि थांबायची वाट बंद झाली. वाईट वाटलं. दोन महिने मनात तेच धरून बसलो होतो. पुण्यात पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटचा कॅन्सर अंगात कुठं पसरलाय ते दाखवणारा) केला, बाहेर कुठं पसरलेलं नाही.

सर्जनला भेटलो आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनाही वेगळं भेटलो. प्रत्येकाला आपलं दुकान चांगलं वाटणार हे धरूनच गेलो होतो, पण सर्जननी स्वतःच सांगितलं की तुमच्या वयाला दोन्ही चालतील, बरं होण्याच्या दृष्टीनं एक दुसऱ्याच्या फार पुढं नाही. मग प्रश्न उरला की कोणता त्रास मला झेपेल. नव्यापेठेतली ताई, तुमची पोस्ट मंडळींना वाचून दाखवली. ती सोबत होती आणि गळतीचं तिनंच विचारलं, मला जमलं नसतं.

ठरलंय ते असं: शेक, २० वेळा, इथंच सोलापुरात, आणि सोबत सहा महिने हॉर्मोनचं इंजेक्शन. पहिलं इंजेक्शन झालं. त्याच्या आधी काही दिवस बायकॅल्युटामाइडची गोळी दिली, कारण हे इंजेक्शन सुरुवातीला हॉर्मोन थोडं वाढवतं. शुगर वाढेल म्हणून फिजिशियननी गोळ्या बदलल्यात. मध्येच अंगातून वाफ निघते आणि बनियन भिजतं, पण सोलापुरात ते इंजेक्शनानं होतंय की उन्हानं, ठरवता येत नाही.

मुलगा नाराज आहे. रोबोटचाच आग्रह होता. रेडिएशनच्या डॉक्टरांसमोर त्याला बसवलं, त्यांनी अर्धा तास दिला. बाहेर आल्यावर म्हणाला, तुमचं शरीर आहे, बाबा. पटलं म्हणून म्हणाला की थकून, माहीत नाही. शेक सुरू झाले की आठवडाभर इथं राहायला येतोय.

कडकभाकरी

बेस्ट मालक. शेकाला जाताना रिक्षावाल्याला स्पीड ब्रेकर बघून चालव म्हणा, मूत्राशय भरलेलं असतंय.

बार्शीलाईट

पाणी घरून पिऊन निघू नका. तिथं पोहोचून, नंबर बघून, मग प्या. विजापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर देव आठवेल.

नव्यापेठेतली

वहिनींना नमस्कार सांगा. इंजेक्शनानं चिडचिड होते, उगाच रडू येतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. आमच्या शेजारच्यांना होतं, त्यांच्या बायकोला वाटलं सुनेवरून बिनसलंय.

मंद्रूपचा_भाचा

नवीन आहे. मामांचा पीएसए ५.६ आलाय, वय ६३, मागच्या आठवड्यात लघवीला जळजळ आणि ताप होता. लगेच बायोप्सी करायची का? मामा झोपलेले नाहीत.

स्लाइडवाला

जळजळ आणि ताप म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो, त्यानंही पीएसए चढतो. आधी लघवी तपासून उपचार करा, मग सहा-आठ आठवड्यांनी पीएसए पुन्हा, त्याच लॅबमध्ये. तेव्हाही वरच राहिला तर युरॉलॉजिस्ट एमआरआयचं ठरवतील. मामा कोणत्या गोळ्या घेतात ते लिहा, आणि नवीन धागा काढा, इथं दोघांचे रिपोर्ट मिसळतील.